मोरेहचा रस्ता : मणिपूर, हेरॉईन आणि न नोंदलेले मृत्यू

१/
अफूचा इतिहास म्हटला की माळव्याची शेते, मुंबई बंदरातून चीनकडे निघालेली जहाजे आणि त्या व्यापारावर उभी राहिलेली घराणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. तो इतिहास टिकला, कारण त्याच्या खतावण्या होत्या. अफूपासूनच बनणाऱ्या हेरॉईनने आपल्याच देशात जी वाताहत केली, तिची खतावणी कोणी ठेवली नाही. आजचा धागा त्याच वाताहतीविषयी, मणिपूरविषयी.

२/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. १८७४ साली लंडनमध्ये सी. आर. अ‍ॅल्डर राइट या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनवर प्रक्रिया करून हा पदार्थ प्रथम तयार केला. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने तो खोकल्यावरील औषध म्हणून बाजारात आणला. ‘हेरॉईन’ हे त्या औषधाचे व्यापारी नाव. त्याचे व्यसन जडते हे ध्यानी येण्यास फार वर्षे लागली नाहीत. १९२४ मध्ये अमेरिकेने त्याच्या निर्मितीवर बंदी घातली. बंदीनंतर मागणी उरली आणि ती चोरट्या व्यापाराने भागवली.

३/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यापाराचे एक मोठे केंद्र ब्रह्मदेश, थायलंड आणि लाओस यांच्या सीमा मिळतात त्या ‘सुवर्ण त्रिकोणा’त उभे राहिले. १९४९ नंतर चीनमधून हटलेल्या कुओमिंतांग सैन्याच्या तुकड्या शान प्रांतात स्थिरावल्या आणि अफूच्या व्यापारात उतरल्या. पुढे अनेक सशस्त्र गटांनी बंदुकांचा खर्च याच पिकातून भागवला. डोंगरातील शेतकऱ्याला मात्र त्यातला अल्प वाटाच मिळाला.

४/
ब्रह्मदेशातील तामू आणि मणिपूरमधील मोरेह ही सीमेवरची जोडगावे. मोरेहपासून इम्फाळ सुमारे ११० किलोमीटर. तोच महामार्ग पुढे कोहिमामार्गे दिमापूरला जातो. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी याच रस्त्याने पांढरे, शुद्ध हेरॉईन येऊ लागले. स्थानिक तरुण त्याला ‘नंबर फोर’ म्हणत. उलट दिशेने भारतातून अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड हे हेरॉईन बनवण्यास लागणारे रसायन चोरून सीमेपलीकडे जाई. म्हणजे या व्यापारात आपण निव्वळ बळी नव्हतो, भागीदारही होतो.

५/
पण माल रस्त्यावर आला म्हणून समाज त्याच्या आहारी जातोच असे नाही. तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. सप्टेंबर १९८० मध्ये सबंध मणिपूर ‘अशांत क्षेत्र’ ठरून सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली आले. बंडखोरी, झडत्या, संचारबंदी आणि सुशिक्षितांची बेकारी अशा वातावरणात एक पिढी वयात येत होती. हेरॉईन स्वस्त होते आणि हाताशी होते. इम्फाळचे मैतेई, चुराचांदपूरचे कुकी, उखरूलचे नागा, कोणत्याच समाजाची मुले त्यातून सुटली नाहीत.

६/
हेरॉईन टोचून घेतले जाई. सिरिंज जवळ सापडणे म्हणजे व्यसनाचा पुरावाच, म्हणून ती कोणी बाळगेना. शाईच्या ड्रॉपरला सुई जोडून तीच अनेकांत फिरे. परिणाम भयंकर झाला. सप्टेंबर १९८९ पर्यंत मणिपूरमधील सुईने नशा करणाऱ्यांच्या तपासण्यांत एचआयव्ही आढळला नव्हता. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना लागण झालेली दिसली. जगातील अत्यंत वेगवान प्रसारांपैकी हा एक.

७/
समाज गप्प बसला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दारूविरुद्ध ‘निशाबंद’ चळवळ उभारणाऱ्या मैतेई स्त्रिया पुढे ‘मैरा पैबी’, म्हणजे मशालधारिणी, म्हणून ओळखल्या गेल्या. रात्र रात्र त्यांनी गल्ल्यांत पहारे दिले. दुसरीकडे सशस्त्र गटांनी शुद्धीकरणाच्या नावाखाली व्यसनी तरुणांना मारहाण केली, काहींना गोळ्या घातल्या. हे सारे आपल्या माणसांना वाचवण्यासाठी चालले आहे, अशीच त्यामागची धारणा होती. म्हणूनच त्याचे मूल्यमापन अवघड आहे.

८/
शासनाचे उत्तर होते कायदा. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, देशभर लागू झाला. तस्करीला किमान दहा वर्षे कारावास, आणि सेवनही गुन्हाच. व्यसनी व्यक्तीला उपचाराची संधी देण्याची तरतूद त्यात होती, पण मणिपूरमध्ये उपचारकेंद्रांची वानवा होती. तुरुंग मात्र होते. हतबल झालेल्या काही आईबापांनी मुलगा निदान जिवंत राहील या आशेने त्याला स्वतःहून पोलिसांच्या हवाली केले.

९/
ही आशा का फसली, हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र. हेरॉईन मेंदूतील श्वसनाचे नियंत्रण मंदावते. नित्य सेवनाने शरीर सरावते आणि मात्रा वाढत जाते. काही आठवडे सेवन थांबले की हा सराव ओसरतो, पण ओढ ओसरत नाही. तुरुंगातून किंवा कोंडून ठेवलेल्या खोलीतून सुटलेला तरुण पूर्वीचीच मात्रा घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे आज अनेक देशांतील अभ्यासांनी सिद्ध केले आहे.

१०/
हा मृत्यू बहुधा टाळता येतो. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर दिले तर काही मिनिटांत श्वास परततो. अमेरिकेत त्याला १९७१ मध्येच मान्यता मिळाली होती. पण ते देण्यासाठी कोणीतरी हाक मारावी लागते. सोबतच्या मित्राला पोलिसांचे भय, घरच्यांना शेजाऱ्यांचे. त्या भयात जी मिनिटे जातात, त्यांतच प्राण जातो.

११/
वळण आले ते याच तरुणांमधून. १९९१ मध्ये इम्फाळमध्ये व्यसनातून बाहेर पडलेल्या काही जणांनी ‘सोशल अवेअरनेस सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ ही संस्था स्थापन केली. आधी जीव वाचवू, व्यसन सोडण्याचे पुढे पाहू, ही त्यांची भूमिका. स्वच्छ सुया, जखमांवर मलमपट्टी, पुढे ब्युप्रेनॉर्फिनची पर्यायी उपचारपद्धती. १९९६ मध्ये मणिपूरने राज्याचे एड्स धोरण स्वीकारले आणि या मार्गाला शासकीय मान्यता दिली. ज्यांना समाजाने ओवाळून टाकले होते, त्यांनीच समाजाला धोरण शिकवले.

१२/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न. किती जण गेले? जप्त केलेल्या हेरॉईनचे वजन पोलिसांच्या दप्तरात ग्रॅमपर्यंत सापडते. मेलेल्यांची गणती तशी सापडत नाही. अनेक घरांनी ‘ताप आला होता’, ‘हृदय बंद पडले’ असे सांगून अंत्यविधी उरकले. त्यांना दोष देता येत नाही, कारण खरे कारण सांगितले असते तर उरलेल्या बहिणीचे लग्न आणि भावाची नोकरी अडली असती. पण त्या मौनामुळे शासनदरबारी ते मृत्यू घडलेच नाहीत.

१३/
ही केवळ दूरच्या सीमेवरची कहाणी नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात आणि त्यांत हेरॉईनचे प्रमाण अफूपेक्षा अधिक आहे. मुंबईच्या रस्त्यांवर ऐंशीच्या दशकात ‘ब्राऊन शुगर’ने किती तरुण गिळले, याचा सविस्तर इतिहासही अजून कोणी लिहायला हवा.

१४/
तेव्हा मित्रहो, स्थानिक इतिहास गोळा करताना किल्ले आणि शिलालेख जरूर पाहा. पण आपल्या वस्तीत त्या दशकांत कोण गेले, कशाने गेले, हेही वडीलधाऱ्यांना हळुवारपणे विचारा. नावे गुप्त ठेवा, कारण मात्र खरे लिहा. आणि आज कोणी समोर निपचित पडलेला, श्वास मंदावलेला दिसला, तर प्रथम १०८ वर फोन करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे. हा धागा ज्यांच्या उपयोगी पडेल त्यांच्यापर्यंत पोहोचवा.