आपत्कालीन दूरध्वनीवरील संवादकौशल्य : क्षुब्ध माणसाला आवाजाने सावरताना

अपघात, हृदयविकाराचा झटका, घरातील मारहाण किंवा आग अशा प्रसंगी १०८ अथवा ११२ क्रमांक फिरवणारा माणूस क्वचितच स्थिर मनःस्थितीत असतो. तो ओरडतो, रडतो, शिवीगाळ करतो किंवा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहतो. अशा माणसाला केवळ आवाजाच्या आधारे सावरून त्याच्याकडून आवश्यक माहिती मिळवणे आणि मदत पोहोचेपर्यंत त्याच्या हातून योग्य कृती करवून घेणे, या कौशल्यास क्षोभशमनाचा संवाद म्हणता येईल. समोरासमोर असताना नजर, हातवारे, खांद्यावर ठेवलेला हात यांचा उपयोग होतो. दूरध्वनीवर यांपैकी काहीच हाताशी नसते.

पार्श्वभूमी

आपत्कालीन मदतीसाठी स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत १९३७ साली लंडनमध्ये ९९९ या क्रमांकाने सुरू झाली. अमेरिकेत ९११ क्रमांक १९६८ मध्ये आला. गोव्यात १०८ रुग्णवाहिका सेवा २००८ पासून कार्यरत आहे. आरंभीच्या काळात फोन घेणाऱ्याचे काम पत्ता लिहून घेऊन गाडी पाठवण्यापुरते मानले जाई. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस फोनवर विचारावयाचे प्रश्न आणि द्यावयाच्या सूचना यांची क्रमवार पद्धत तयार केली. तेव्हापासून हे काम एक स्वतंत्र व्यावसायिक विद्या म्हणून विकसित होत गेले.

त्याची गरज किती होती, हे १९८४ साली टेक्सास राज्यातील डॅलस शहरात घडलेल्या घटनेने दाखवून दिले. सावत्र आईला श्वास घेता येत नाही, असे सांगून एका माणसाने रुग्णवाहिका मागितली. फोनवरील परिचारिकेने रुग्णाशीच बोलण्याचा आग्रह धरला. ती बोलण्याच्या स्थितीत नाही, असे तो सांगत राहिला, चिडला आणि त्याच्या तोंडून अपशब्द गेला. मग संभाषण रुग्णावरून घसरून त्याच्या भाषेवर आले. मदत वेळेत निघाली नाही आणि ती स्त्री दगावली. ही ध्वनिफीत देशभर ऐकवली गेली. फोन करणाऱ्याचा उद्धटपणा हा बहुधा भीतीचाच आविष्कार असतो, हा धडा आजही या घटनेच्या आधारे शिकवला जातो.

क्षोभाची मोजणी

क्लॉसन यांच्या पद्धतीत फोन करणाऱ्याची भावावस्था आणि सहकार्य १ ते ५ या श्रेणीत नोंदवतात. १ म्हणजे नेहमीसारखे बोलणे, तर ५ म्हणजे पूर्ण अनावर अवस्था. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक खालच्या श्रेणींत असतात. घाबरलेला माणूस आणि असहकार करणारा माणूस एकच नव्हे. रडत असलेली आईदेखील नीट विचारल्यास अचूक पत्ता सांगू शकते.

मुख्य तंत्रे

पहिले तंत्र स्वतःच्या आवाजाचे. समोरचा आवाज चढला की आपलाही चढतो, ही स्वाभाविक प्रवृत्ती आहे. प्रशिक्षित कर्मचारी उलट आवाज खाली आणतो, गती कमी करतो आणि वाक्ये छोटी ठेवतो. “शांत व्हा” हे शब्द तो टाळतो, कारण आपली व्यथा क्षुल्लक ठरवली जात आहे, असा अर्थ त्यातून निघतो.

दुसरे तंत्र शांत पुनरुक्तीचे. एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच स्वरात आणि कारणासह पुन्हा म्हणायचे : “तुमच्या वडिलांना मदत करायची आहे, म्हणून मला पत्ता सांगा.” शब्द बदलले तर गोंधळलेल्या मनाला तो नवा प्रश्न वाटतो. स्वर चढला तर ते भांडण वाटते.

तिसरे, प्रश्नांमागचे कारण उघड करणे. “तुम्ही चौकशाच करत बसला आहात, गाडी कधी पाठवणार?” हा नेहमीचा संताप असतो. गाडी निघाली असल्यास “गाडी निघाली आहे, माझ्या प्रश्नांमुळे ती थांबलेली नाही” एवढ्या एका वाक्याने निम्मा ताण उतरतो. मात्र हे खरे असेल तेव्हाच म्हणावे. “काही होणार नाही”, “दोन मिनिटांत पोहोचेल” अशी आश्वासने खोटी ठरली, तर पुढची कोणतीही सूचना ऐकली जात नाही.

चौथे, हातांना काम देणे. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० या गतीने दाब देण्यास सांगून कर्मचारी मोठ्याने आकडे मोजतो. त्यामुळे रुग्णाला उपचार मिळतो आणि मोजणीच्या लयीत फोन करणाऱ्याचे मनही स्थिरावते.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याशी वाद किंवा उपदेश करू नये. तसा विचार आहे का, हे सरळ विचारावे, नावाने हाक मारावी आणि मदत पोहोचेपर्यंत संभाषण तुटू देऊ नये. मानसिक आधारासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची राष्ट्रीय सेवा उपलब्ध आहे.

गोव्याच्या संदर्भात

आपल्याकडे फोन कोकणी, मराठी, हिंदी वा इंग्रजीत येऊ शकतो. संकटात माणूस घरातल्या भाषेकडे वळतो. ती भाषा कानावर पडली की त्याचा धीर वाढतो. अनेक गावांत पत्ता म्हणजे वाडा, तिठा, देऊळ किंवा चॅपेल. त्यामुळे घर क्रमांकाचा हट्ट धरण्याऐवजी “जवळ काय दिसते?” हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. पर्यटकाला तर गावाचे नावही ठाऊक नसते.

फोन करणाऱ्याची बाजू

हे कौशल्य एकतर्फी नाही. प्रथम ठिकाण सांगावे, म्हणजे फोन तुटला तरी मदत निघू शकते. विचारले तेवढेच उत्तर द्यावे, समोरच्याने सांगेपर्यंत फोन ठेवू नये आणि शक्य असल्यास एखाद्याला रस्त्यावर उभे करावे. पलीकडे बसलेला कर्मचारीही माणूसच असतो. एका फोनवर मृत्यू ऐकून तो पुढच्या क्षणी दुसरा फोन उचलतो. त्याच्या वाट्याला पुरेशी विश्रांती आणि मनमोकळे बोलण्याची सोय आली, तरच त्याचा आवाज पुढच्या घाबरलेल्या माणसासाठी स्थिर राहील.