लेव्हिटटाउन या नांवाचा स्थलनिश्चय

कागदांत स्थळाचें नांव वाचतां आलें म्हणजे स्थळ सांपडलेंच असें होत नाहीं. कारकुनानें ‘बुद्रुक’ वा ‘खुर्द’ हें पद गाळलें, तर सनद कोणत्या गांवची याविषयीं आपल्याकडे वाद उभा राहतो. अमेरिकेंतील ‘लेव्हिटटाउन’ या नांवास तर असें भेददर्शक पदच नाहीं.

अब्राहम लेव्हिट व त्यांचे पुत्र विल्यम आणि आल्फ्रेड यांच्या पेढीनें इ. स. १९४७ मध्यें न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांत, युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठीं घरें बांधण्यास आरंभ केला. वसाहतीचें मूळ नांव आयलंड ट्रीज; तें मोडून पेढीनें आपलें आडनांव दिलें. १९५१ पर्यंत तेथें १७,४४७ घरें झालीं. १९५२ पासून पेनसिल्व्हेनियांतील बक्स परगण्यांत दुसरें लेव्हिटटाउन उभें राहिलें; त्याचीं घरें १७,३११. पोर्टो रिकोंतील तोआ बाहा येथेंही याच नांवाची वसाहत आहे. पैकीं पेनसिल्व्हेनियाची वसाहत ब्रिस्टल, मिडलटाउन, फॉल्स व टलीटाउन या चार हद्दींत विभागलेली आहे, व न्यूयॉर्कची हेंपस्टेडच्या कारभाराखालीं मोडते. अर्थात् पत्रांच्या पाकिटांवर नित्य आढळणाऱ्या या नांवाचें स्वतंत्र नगरदप्तर दोन्हीं ठिकाणीं नाहीं.

हा भेद केवळ भूगोलाचा नव्हे. गोऱ्यांवांचून इतरांनीं घरांत राहूं नये (घरगुती नोकर मात्र चालतील!) असें कलम न्यूयॉर्क येथील आरंभींच्या भाडेकरारांत होतें. ऑगस्ट १९५७ मध्यें मायर्स हें कृष्णवर्णीय कुटुंब पूर्वीच्या मालकाकडून घर विकत घेऊन राहावयास आलें असतां जमावानें दगडफेक केली, ती पेनसिल्व्हेनियांत. आणि वर्णभेदाविरुद्धच्या कायद्यापुढें पेढीस १९६० मध्यें हार खावी लागली, ती न्यू जर्सींत. या तीन निरनिराळ्या हकीकती एका नांवाखालीं घालणें म्हणजे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारणें होय.

न्यू जर्सीचें प्रकरण सर्वांत फसवें आहे. विलिंगबरो या जुन्या गांवीं पेढीचीं घरें होतांच १९५९ मध्यें गांवाचें नांव लेव्हिटटाउन करण्यांत आलें. १९६३ मध्यें मतदारांनीं जुनें नांव परत आणलें. हर्बर्ट गॅन्स यांनीं तेथें राहून केलेला अभ्यास ‘द लेव्हिटटाउनर्स’ या नांवानें १९६७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यावेळीं गांवानें तें नांव टाकून चार वर्षें झालीं होतीं. आज तो ग्रंथ हातीं घेऊन नकाशा पाहणारा बहुधा डेलावेर नदीच्या पश्चिम तीरावरील पेनसिल्व्हेनियाच्या वसाहतींत जाऊन पोंचेल. विलिंगबरो आहे पूर्व तीरावर.