शालापत्रक ते व्हॉट्सॲप : शिक्षकाचे पान कोणाचे?

मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा 'निबंधमाले'पासून, म्हणजे १८७४ पासून आरंभ करतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लेखणी त्याआधी कोठे घडली, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. ती घडली 'मराठी शालापत्रका'त. १८६१ साली सुरू झालेले हे मासिक शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघत असे आणि त्याचा वाचक प्रामुख्याने मराठी शाळांतला शिक्षक होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादन पाहत. १८६८ पासून विष्णुशास्त्री त्यात आले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावरील त्यांचे लेख प्रथम याच मासिकात छापले गेले. आधुनिक मराठी समीक्षेचा एक महत्त्वाचा आरंभ अशा रीतीने शिक्षकांसाठी काढलेल्या मासिकात झाला, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

त्या काळच्या शिक्षकाची स्थिती डोळ्यांपुढे आणली तर या मासिकाचे मोल कळते. एकेका गावात एकटा पंतोजी, जवळ मोजकी क्रमिक पुस्तके, आणि आपल्यासारखेच काम करणारा दुसरा मनुष्य कित्येक कोसांवर. अशा माणसाला महिन्यातून एकदा मिळणारे हे पान म्हणजे व्यवसायबंधूंशी होणारी एकमेव भेट असणार. पण हे पान सरकारी होते. मिशनऱ्यांवर आणि शिक्षणपद्धतीवर विष्णुशास्त्र्यांनी केलेली टीका खात्याला मानवली नाही आणि १८७५ मध्ये शालापत्रक बंद करण्यात आले. विष्णुशास्त्र्यांनी स्वतःचे स्वतंत्र मासिक वर्षभर आधीच काढले होते. ते सोय पाहून होते की पुढचे ओळखून, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आमच्यापुरता मुद्दा इतकाच, की ज्याचा कागद त्याचाच शेवटचा शब्द, हे मराठी शिक्षकाने तेव्हाच अनुभवले.

वाशीमसारख्या ठिकाणी ही कथा आणखी एका वळणाने जाते. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते, परंतु मुंबई इलाख्यात नव्हते. तेव्हा पुण्याच्या खात्याची यंत्रणा ही आमची यंत्रणा नव्हे. बाशिम हा त्या काळी स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये तो मोडला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. ज्या भूमीच्या प्राचीन वत्सगुल्म या नावावरून काव्यरीतीला 'वच्छोमी' म्हटले गेले, तिला साहित्यचर्चेच्या नकाशावर आधुनिक काळात मात्र कडेची जागा मिळाली. पुण्या-मुंबईची नियतकालिके येथे उशिरा पोहोचत आणि चर्चासत्राला जायचे तर दोन रात्रींचा प्रवास, हे आमच्या पिढीनेही पाहिले आहे.

म्हणून आंतरजालाचे आगमन आमच्यासाठी गंमतीची गोष्ट नव्हती. आरंभीची वर्षे अर्थात टंकांच्या भांडणात गेली. एका संगणकावर तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. युनिकोड रुळल्यावर हा जाच संपला, तरी 'वऱ्हाड' हा शब्द नीट उमटेल की नाही याची धास्ती पुष्कळ काळ राहिली. ज्या प्रदेशाचे नावच यंत्राला लिहिता येत नाही, तेथील भाषाशिक्षकाने काय करावे? पुढे भ्रमणध्वनी आले, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि व्हॉट्सॲपवर शिक्षकांचे गट पाहता पाहता उभे राहिले. राज्यात 'ॲक्टिव्ह टीचर्स फोरम'सारखे शिक्षकांचे व्यासपीठ याच माध्यमातून आकारले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी क्रमिक पुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. त्याच वर्षी टाळेबंदीत 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' हा सरकारी उपक्रम आला. त्याची जमाखर्चाची बाजू येथे मांडण्याचे कारण नाही. ज्या घरी एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर शेतात, त्या घरातल्या मुलाला तो कितपत पोहोचला असेल हे उघडच आहे.

आमच्या अनुभवात या माध्यमाचा खरा उपयोग अनपेक्षित ठिकाणी निघाला, तो आवाजात. जिल्ह्यातील मराठीच्या काही अध्यापकांचा आमचा एक गट आहे. बोली शिकवताना पाठ्यपुस्तकात 'ळ'च्या जागी 'य' येतो असे एक वाक्य असते, विद्यार्थी ते पाठ करतात आणि विसरतात. पण 'डोया', 'काया', 'मले', 'तुले' हे त्यांच्याच आजीच्या तोंडून ध्वनिमुद्रित होऊन वर्गात आले, की हीच बाब अभ्यासाची वस्तू होते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यासाठी उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सरकारी अधिकाऱ्यांमार्फत बोलीबोलींत उतरवून घेतला होता. आज दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पऱ्हाटीच्या वेचणीविषयी आईला बोलते करते आणि ते बोलणे गटात पाठवते. नमुना म्हणून दोहोंत कोणता अस्सल, हे सांगायला नको. मानोरा तालुक्यातील बंजारा मुले घरची भाषा आणि शाळेची मराठी यांच्यामध्ये कोठे अडखळतात, याविषयीही जितके आम्ही परस्परांच्या ध्वनिसंदेशांतून शिकलो तितके कोणत्याही उजळणी वर्गात शिकलो नाही.

तथापि शालापत्रकाची गोष्ट येथे पुन्हा आठवते. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने केवळ गटप्रमुखालाच लिहिता येईल अशी सोय आणली. त्यानंतर शिक्षकांचे कित्येक गट आदेश आणि विहित नमुने पाठवण्याची पेटी होऊन बसले. 'माहिती आजच सादर करावी' याखाली दोनशे अंगठे उमटतात, शंका एकही नाही. मासिक बंद करण्यासाठी तेव्हा सरकारला निर्णय घ्यावा लागला. आता एक कळ दाबली की पुरते. विशेष म्हणजे हे पान सरकारचेही नाही, परदेशी कंपनीचे आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये; त्यांवर झालेल्या मराठीतील चर्चा, शब्दांवरचे वाद, कवितांची वाचने यांतले बहुतेक त्यांच्याबरोबरच गेले. शालापत्रक सरकारने मारले खरे, पण त्यातले लेख उरले, म्हणून आपण आज विष्णुशास्त्र्यांची घडण तपासू शकतो. आजच्या शिक्षकाची घडण पन्नास वर्षांनी कोणी कशावरून तपासावी?

याचे एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात, कारंजा येथे आहे. तेथील जैन भांडारांत अपभ्रंश ग्रंथांची हस्तलिखिते शतकानुशतके नकलून जपली गेली. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीने ती अभ्यासकांपुढे आली, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी त्यांतले ग्रंथ संपादिले. पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये छापले गेले. भांडार राखणाऱ्यांपैकी सर्वांनाच ती भाषा कळत असेल असे नाही, पण नक्कल करण्याचा नेम त्यांनी सोडला नाही.

तेव्हा आम्हीही एक नेम केला आहे. महिन्याच्या अखेरीस गटातील निवडक चर्चा कोणीतरी एकाने टंकित करायची, बोलणाऱ्याच्या अनुमतीने ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवायची, आणि त्यांवर गाव, वय व दिनांक लिहायचा. काम कंटाळवाणे आहे आणि पाळी चुकवणारेही आहेतच. 'तिफण' आणि 'डवरा' या शब्दांवरची चर्चा उतरवून झाली. पऱ्हाटीची अठरा ध्वनिमुद्रणे अजून व्हायची आहेत.