दरवाजा कोण उघडतो? खानदेशातील किल्ले आणि संगणकावरचे युद्ध

संगणकाच्या व्यवसायात असलेल्या तरुण मंडळींशी इतिहासावर बोलणे निघाले की एक मत हमखास ऐकावयास मिळते. युद्धाचा इतिहास हा मुळात तंत्रज्ञानाचा इतिहास आहे, ज्याची तोफ लांब पल्ल्याची त्याचा विजय ठरलेला, उरलेले सारे कवींचे आणि बखरकारांचे काम. माझा एक माजी विद्यार्थी हे मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडतो. त्याच्या हाताशी पुरावाही आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग 1999 साली आला, तेव्हापासून तो खेळत आला आहे आणि आजवर आपण किती किल्ले पाडले याची गणती त्याने सोडून दिली आहे.

हे मत थट्टेवारी नेण्यासारखे नाही. आपल्याकडे इतिहास शिकविताना शौर्य आणि फितुरी या दोनच शब्दांवर इतका भार टाकलेला असतो, की दारूगोळा, चारा, रस्ते, नद्यांचे उतार यांचा विचार करणारा कोणी भेटला तर त्याचे स्वागतच करावयास हवे. वि. का. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा बखरींच्या रसाळपणावर न विसंबता तारीखवार पत्रांवर बोट ठेवले होते. त्यांचेही म्हणणे एका परीने हेच होते: आधी मोजा, मग बोला. धुळ्यात त्यांच्या नावाने उभ्या असलेल्या संशोधन मंडळाच्या छपराखाली बसून तंत्रज्ञानवाद्यांना हसणे मला तरी जमणार नाही.

प्रश्न आहे तो काय मोजावयाचे याचा. या खेळात धान्य, लाकूड, सोने आणि दगड अशी चार साधने असतात. सैनिक तयार करताना धान्य खर्ची पडते, पण एकदा तयार झालेला सैनिक पुन्हा कधी जेवत नाही. किल्ल्यात वीस माणसे कोंडून ठेवली तर ती अनंत काळ तिथे राहू शकतात. त्यांना भूक नाही, पटकी नाही, थकलेला पगार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक सैनिकाचा आणि प्रत्येक इमारतीचा रंग एकच असतो. निळा किल्ला निळ्यांचा, तांबडा तांबड्यांचा. याला अपवाद फक्त धर्मोपदेशकाचा. तो दुरून मंत्र म्हणतो आणि समोरच्या सैनिकाचा रंग बदलतो. मुले या मंत्राला हसतात. मला मात्र साऱ्या खेळात हाच भाग इतिहासाच्या सर्वांत जवळचा वाटतो.

कारण खानदेशातील मोठमोठे किल्ले कसे गेले हे पाहू लागलो, तर भिंत पडल्यामुळे गेलेला किल्ला शोधावा लागतो. अशीरगडापासून आरंभ करू. आज तो मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूरच्या उत्तरेस आहे, पण भुसावळहून खांडव्याकडे रेल्वेने जाणाऱ्याला तो अजून खानदेशाचा दरवाजाच वाटतो. फारुकी घराण्यातील नसीर खानाने चौदाशेच्या सुमारास तो आसा अहिराकडून घेतला. फिरिश्त्याने दिलेली हकीकत प्रसिद्ध आहे: माझ्या कुटुंबातील बायकांना आश्रय द्या, अशी विनंती करून नसीर खानाने डोल्या पाठविल्या, पहिल्या दिवशीच्या डोल्यांत खरोखरच बायका होत्या, दुसऱ्या दिवशीच्या डोल्यांत हत्यारबंद माणसे. स्वागताला पुढे आलेले आसा आणि त्याचे मुलगे मारले गेले. फिरिश्ता हे दोनशे वर्षांनंतर लिहितो आहे आणि डोल्यांची गोष्ट हिंदुस्थानातील इतर किल्ल्यांबाबतही सांगितली जाते, तेव्हा तपशिलावर फार भर देऊ नये. तरी लोकांच्या स्मरणात हा किल्ला कशाने गेला म्हणून राहिला? तोफेने नव्हे, आतिथ्याने.

दोनशे वर्षांनी तोच किल्ला फारुकींच्या हातून गेला. 1600 सालच्या वसंतात अकबर बऱ्हाणपुरास आला, वेढा पडला, आणि 17 जानेवारी 1601 रोजी गड मोगलांच्या ताब्यात आला. त्या काळच्या हिंदुस्थानातील सर्वांत सामर्थ्यवान तोफखान्याचा धनी स्वतः पायथ्याशी बसला होता, तरी मुख्य गडाच्या तटाला खिंडार पाडून मोगल आत शिरले असे कोणीच म्हणत नाही. मग काय घडले? येथे साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा अशी गोष्ट आहे. अबुल फज़ल या मोहिमेत स्वतः होता. त्याच्या ‘अकबरनाम्या’त गडावरची रोगराई, खचलेली शिबंदी आणि बादशहाचे औदार्य दिसते. जेझुइट पाद्री बादशहाच्या छावणीत होते. त्यांच्या पत्रांवरून द्यू जारिक या फ्रेंच लेखकाने जी हकीकत रचली तिच्यात बहादूर खान फारुकीला शपथेवर खाली बोलावून अडकवून ठेवले जाते आणि मग गडावरच्या सरदारांत पैसा वाटला जातो. हेच पाद्री असेही सांगतात, की बादशहाने त्यांच्यामार्फत पोर्तुगिजांकडे तोफा मागितल्या होत्या आणि त्यांनी नकार दिला. व्हिन्सेंट स्मिथने 1917 च्या अकबरचरित्रात पाद्र्यांची बाजू उचलून धरली. पुढच्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतल्या. कोणता निवेदक अधिक विश्वासार्ह, हा वाद येथे सोडवावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की परस्परांशी न जुळणाऱ्या दोन्ही कथनांत किल्ला पडण्याचे श्रेय तोफेला नाही. एकात ते रोगाला आहे, दुसऱ्यात सोन्याला आणि मोडलेल्या शपथेला. फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर या विजयाचा लेख कोरलेला आहे, आणि दानियाल या शाहजाद्याच्या नावावरून खानदेशाला काही काळ ‘दानदेश’ म्हणत, हे वाचकांना ठाऊक असेलच.

1803 साली कर्नल स्टीव्हन्सनने अशीरगड शिंद्यांकडून घेतला तेव्हा तोफा सुरू होताच थोड्या वेळात पांढरे निशाण दिसले. शिबंदीच्या अटींत एक अट थकलेल्या पगाराची होती, आणि ती रक्कम घेणाऱ्या सैन्याने भरली. हा प्रसंग कोणत्याही खेळात का नाही याचे मला नेहमी नवल वाटते. धन्याने थकविलेले वेतन शत्रूने चुकते करावे आणि माणसांनी आपापले सामान घेऊन गड उतरावा! याला फितुरी म्हणणे सोपे आहे. पण वर्ष-वर्ष पगार न पाहिलेल्या शिपायाने नेमके कोणाशी इमान राखावयाचे होते, हे त्याला कोणी सांगितले होते?

आता थाळनेर. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. फारुकींचे पहिले ठाणे हेच. मलिक राजा याची कबर येथे आहे. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील त्यांचा मुलूख कंपनीकडे गेला. तो ताब्यात घेण्यासाठी सर टॉमस हिस्लॉप सैन्यासह दक्षिणेस उतरला. वाटेत सेंधव्याचा किल्ला न लढता मिळाला. 27 फेब्रुवारी 1818 रोजी सैन्य थाळनेरपाशी आले, तेव्हा मात्र किल्ल्यातून गोळीबार झाला. किल्लेदार तुळशीराम मामा याला निरोप गेला: तुमच्या धन्याने हा किल्ला आम्हास दिलेला आहे, प्रतिकार केलात तर तुम्हास बंडखोर समजले जाईल. प्रतिकार थांबला नाही आणि इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या.

इथवर सारे संगणकावरच्या खेळासारखे आहे. पुढचे नाही. हिस्लॉपच्या सैन्यात असलेल्या व्हॅलेंटाइन ब्लॅकरने 1821 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात जो क्रम दिला आहे, त्याचा सारांश असा: पहिला दरवाजा मोडकळीस आल्यावर किल्ल्यातून अटींची विचारणा झाली, बिनशर्त शरण या, असे उत्तर गेले. हल्ला करणारी तुकडी एकेक दरवाजा ओलांडीत आत शिरली. मधल्या दरवाजाशी किल्लेदार काही माणसांसह स्वतः बाहेर आला आणि त्याने स्वतःला स्वाधीन केले. शेवटचा दरवाजा बंद होता. तिथे बोलणी झाली, दिंडी उघडली गेली, काही अधिकारी मोजक्या शिपायांनिशी आत गेले. आणि त्या अरुंद जागेत, एकमेकांचे बोलणे न कळल्याने म्हणा की संशयाने म्हणा, आतल्या लोकांनी हत्यार उपसले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. बाहेरचे सैन्य आत घुसले. सुमारे तीनशेची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला त्याच संध्याकाळी बुरुजावर फाशी देण्यात आली.

त्या दिंडीपाशी कोणत्या भाषा समोरासमोर आल्या असतील याची कल्पना करून पाहावी. बाहेर इंग्रज अधिकारी आणि मद्रासकडचे शिपाई. आत होळकरांची शिबंदी; त्या काळी खानदेशातील गढ्याकिल्ल्यांवर अरब शिपायांचा भरणा असे. खालच्या गावात अहिराणी. शरणागतीच्या अटी कोणत्या, हत्यारे केव्हा ठेवावयाची, जिवाची हमी कोण देणार, हे सारे कोणी कोणत्या भाषेत सांगितले? तंत्रज्ञानाचे काम पहिल्या दरवाजापाशीच संपले होते. त्यानंतरची तीनशे माणसे संभाषण फसल्यामुळे मेली. आपण वर्गात भाषेच्या संदिग्धतेवर तासन्‌तास बोलतो. थाळनेरचा उल्लेख मात्र अभ्यासक्रमात कुठे येत नाही.

आणि किल्लेदार? त्याने स्वतःला स्वाधीन केल्यानंतर जे घडले त्यात तो कोणत्या अर्थाने दोषी होता? आधीच्या गोळीबाराबद्दल ही शिक्षा, असे हिस्लॉपच्या बाजूने म्हणण्यात आले. पण तह मंदसोरला झाला होता, दीड महिन्यापूर्वी, आणि तो मानण्याचा हुकूम ज्याच्या तोंडून यावा त्या धन्याऐवजी तो शत्रूच्या सेनापतीच्या पत्रातून येत होता. असे पत्र पाहून किल्ला सोडणारा किल्लेदार आदल्या वर्षी नमकहराम ठरला असता. सेंधव्याच्या किल्लेदाराने वेगळा निर्णय घेतला हे खरे, आणि त्यामुळे माणसे वाचली हेही खरे. तरीही शरण आलेल्या माणसाला फाशी देण्याचे समर्थन त्यातून मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

किल्लेदाराची ही कोंडी किती खरी होती, ते पुढच्याच वर्षी अशीरगडावर दिसले. 1819 च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांनी गडाला वेढा घातला. दौलतराव शिंदे उघडपणे इंग्रजांचे मित्र, गड स्वाधीन करण्याचा त्यांचा हुकूमही निघालेला. किल्लेदार जसवंतराव लाड मात्र दाद देईना. येथे तोफांनी खरोखर काम केले हे मान्य करावयास हवे: जड तोफांचा मारा तीन आठवडे चालला, गडावरची दारू संपत आली आणि 9 एप्रिलला गड खाली झाला. माझ्या विद्यार्थ्याने हा वेढा आपल्या बाजूने खुशाल वापरावा. फक्त वापरताना गडावर सापडलेले एक पत्र वगळू नये. ते शिंद्यांचेच होते, आणि आप्पासाहेब भोसले सांगतील तसे वागावे, असा त्यात लाडांना हुकूम होता. एका धन्याचे दोन हुकूम, एक दाखवावयाचा आणि एक पाळावयाचा. हा गड कोणत्या रंगाने रंगवावा?

तुळशीराम मामाकडे असे काही पत्र होते का? त्याची बाजू ऐकून घेण्याइतका वेळ त्या संध्याकाळी कोणी दिला नाही. प्रशियाच्या राइसवित्झने 1824 साली नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सैन्यात आणला. त्यात फासे होते, कोष्टके होती, शिवाय एक पंचही होता. पुढे 1876 साली व्हर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने कोष्टके बाजूला सारून सारा निवाडा पंचाच्या विवेकावर सोपविला. कोष्टकांत न मावणारे रणांगणावर फार असते, हे त्याला अनुभवाने कळले होते. संगणकाने पंच पुन्हा काढून टाकला आणि कोष्टके परत आणली, एवढाच माझा त्या माजी विद्यार्थ्याशी वाद आहे.

थाळनेरच्या बाबतीत पंचाची भूमिका उशिरा आणि अर्धवट का होईना, लंडनला पार पडली. 1819 च्या मार्चमध्ये हिंदुस्थानातील सैन्याचे आभार मानण्याचा ठराव ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराचे प्रकरण निघाले. ठराव मंजूर झाला. मात्र हिस्लॉपचे आभार मानले म्हणजे किल्लेदाराच्या फाशीला संमती दिली असे समजू नये, अशी पुस्ती त्याला जोडावी लागली.