‘ठाण्याला पाठवा’

काही गावांची नावे मराठीत शिवी होऊन बसली. येरवडा एक, ठाणे दुसरे. ‘याला ठाण्याला पाठवा’ या थट्टेमागे १९०१ साली उभारलेले वेड्यांचे इस्पितळ आहे, हे कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. १९१२ च्या कायद्याची दृष्टी उपचारापेक्षा बंदोबस्ताची होती. पुढच्याच वर्षी नोगुची आणि मूर यांनी पक्षाघाताने खंगून मेलेल्या भ्रमिष्टांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. निदान एका वेडाला तरी शरीरात पत्ता मिळाला. १९५२ पासून क्लोरप्रोमझीन मनोरुग्णांना देऊ लागले. मज्जापेशींमधल्या फटीतून जाणारा डोपामिनचा निरोप ते पलीकडे पोचू देत नाही, हे पुढे उमगले. (गुण आधी, कारण मागाहून, वैद्यकात हे नवे नव्हे.)

‘वेडा’ जाऊन ‘मनोरुग्ण’ आला, पाटी बदलली. थट्टा मात्र बदलली नाही. तिच्यातले ‘पाठवणे’ हे क्रियापद पाहा: त्यात परतीची वाटच नाही. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. बऱ्या झालेल्या कित्येकांना न्यायला घरचे अजूनही येत नाहीत.