गासडीमागें एक रुपया

खामगांवचा कापूस मुंबईस जातो, हें बुलढाणा जिल्ह्यांतील शाळकरी पोरासही ठाऊक असे. त्याच कापसाच्या जकातीवर मुंबईच्या मजुरांच्या चाळी उभ्या राहिल्या, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानीं राहिलेलें नाहीं. जलंब-खामगांव लोहमार्ग १८७० सालीं खुला झाला, तो मुख्यतः कापसासाठींच. जिनांत सरकी निघे, प्रेसमध्यें रुईची गासडी दाबली जाई, आणि ती आगगाडीनें मुंबईची वाट धरी.

मुंबईंत तिचें सूत काढणारा मजूर राहत कसा होता? १९२१-२२ च्या सरकारी पाहणींत मजूरवर्गापैकीं शेंकडा ९७ लोक एकेका खोलींत बिऱ्हाड करून असल्याचें दिसलें. १८९६ च्या प्लेगानंतर निघालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें कोंदट वस्त्या पाडल्या खऱ्या. पण पाडण्याचा वेग बांधण्याहून अधिक ठरला.

तेव्हां १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं डेव्हलपमेंट खातें काढलें. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा; आणि खर्चासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया जकात! व्यापारी असला खर्च भाव ठरवितांनाच वळता करून घेतो. म्हणून या रुपयाचा कांहीं भाग वऱ्हाडच्या कुणब्यावरच पडला असावा, असें आम्हांस वाटतें. वऱ्हाड तर मुंबई इलाख्यांतही नव्हतें. १९०३ पासून तें मध्यप्रांतास जोडलेलें. खामगांवच्या जिनांत हंगामापुरते राबणारे स्त्रीपुरुष कोठें निजतात, हा प्रश्न या योजनेपुढें येण्याचें कारणच नव्हतें.

आणि बांधलें तें काय? वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड मिळून २०७ चाळी. प्रत्येकींत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधोमध बोळ, दोहों बाजूंस दारें, शौचकूप सामाईक, आणि खिडकीच्या जागीं सिमेंटची जाळी. मजुरानें उजेड मागितला असता. त्यास काँक्रीट मिळालें. हजारों खोल्या कित्येक वर्षें ओस पडल्या. पुढें १९३० च्या चळवळींत वरळीच्या कांहीं चाळींत सरकारनें सत्याग्रहींस डांबलें. त्याकरितां इमारतींत फारसा फेरबदल करावा लागला नसेल!

तरीही तेथें माणसें आलीं, संसार थाटले गेले, तीन-चार पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळींतील ५५६ कुटुंबांस त्याच आवारांत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.