जिल्ह्यातील फौजदारी खटल्याची कागदपत्रे : कुठे शोधायची, कशी मिळवायची

एखाद्या गावात अत्याचार होतो. पहिल्या आठवड्यात मोर्चा निघतो, कलेक्टर कचेरीवर निवेदन जाते, नेते येऊन भेट देतात. सहा महिन्यांनी केसचे काय झाले असे विचारले, तर कुणाकडे साधा गुन्हा रजिस्टर नंबरही नसतो. तारखा लागतात, आरोपीला जामीन मिळतो, साक्षीदार फुटतात आणि हे सगळे आपल्याला पेपरातून कळते. खटला भाषणावर टिकत नाही, कागदावर टिकतो. म्हणून प्रत्येक तालुक्यात निदान दोन कार्यकर्ते असे हवेत, ज्यांना कोणता कागद कुठे मिळतो आणि तो कुणाला मागता येतो हे पक्के माहीत आहे. त्यांच्यासाठी ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे कुणाचेही नाव टाकून त्याची 'गुन्हेगारी कुंडली' काढता येईल असे सर्वांसाठी खुले रजिस्टर नाही. कागद केसनिहाय मिळतात. त्यामुळे नावापेक्षा नंबर महत्त्वाचा.

१) एफआयआर

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यावी लागते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली हे कारण सांगून फिर्याद नाकारता येत नाही. ठाणेदाराने नोंद घेतलीच नाही, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ याहून कडक आहे. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवणे आणि प्रत लगेच देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाने या कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली, तर सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे.

आपण फिर्यादी नसलो तर? सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की, एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावी. इंटरनेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तास. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून ती पाहता येते. लैंगिक अत्याचार, पॉक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांची एफआयआर टाकली जात नाही. मात्र एफआयआर संवेदनशील ठरवण्याचा निर्णय डीवायएसपी दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला घेता येत नाही.

प्रत हातात आली की चार गोष्टी तपासा : गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, लावलेली कलमे, घटनेची वेळ व जागा, आणि फिर्यादी व आरोपी यांच्या जातीची नोंद. शेवटचा मुद्दा बौद्ध समाजासाठी फार महत्त्वाचा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले. तरीही फिर्यादीपुढे नुसते 'बौद्ध' लिहिले आणि अनुसूचित जातीचा उल्लेख राहिला, तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. जातीच्या दाखल्याची प्रत तपास अधिकाऱ्याकडे लेखी अर्जासोबत द्या आणि पोच घ्या.

२) तपास आणि दोषारोपपत्र

अ‍ॅट्रॉसिटीचा तपास डीवायएसपी किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि दोषारोपपत्र ६० दिवसांत दाखल करायचे असते. एफआयआरची तारीख कॅलेंडरवर मांडा आणि साठावा दिवस खुणेने दाखवा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याचे बंधन नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे.

दोषारोपपत्र म्हणजे केसचा गाभा : जबाब, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, साक्षीदारांची यादी. ते सर्वांसाठी खुले नसते. पोलिसांनी ते वेबसाइटवर टाकावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली. पण पीडिताची गोष्ट वेगळी आहे. नव्या संहितेच्या कलम २३० नुसार आरोपी न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत आरोपीला, आणि वकील दिला असेल तर पीडितालाही, ही कागदपत्रे विनामूल्य मिळतात. म्हणून सरकारी वकील असला तरी पीडिताच्या बाजूने स्वतंत्र वकिलाचे वकीलपत्र दाखल करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

या कागदांवर आर्थिक साहाय्यही अवलंबून आहे. अ‍ॅट्रॉसिटी नियमांच्या परिशिष्टात अनेक गुन्ह्यांसाठी २५ टक्के रक्कम एफआयआरच्या वेळी, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेले २५ टक्के शिक्षा झाल्यावर असे टप्पे आहेत. समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा करताना प्रत हातात हवी.

३) ई-कोर्टस् : केस कुठे आहे ते घरबसल्या

दोषारोपपत्र दाखल झाले की केसला न्यायालयाचा नंबर पडतो. ई-कोर्टस् सर्व्हिसेसची वेबसाइट आणि मोबाइल अ‍ॅप दोन्ही मोफत आहेत. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा आणि 'एफआयआर नंबर' या पर्यायात पोलीस ठाणे, गुन्हा नंबर व वर्ष भरा. पक्षकाराच्या नावानेही शोधता येते, पण स्पेलिंग बदलले की केस सापडत नाही आणि एकाच नावाची दहा माणसे निघतात. म्हणून एफआयआर नंबरच वापरा.

यादीत आर.सी.सी., एस.सी.सी., सेशन केस, स्पेशल केस अशी नावे दिसतील. पहिल्या दोन दंडाधिकाऱ्यांकडे चालतात, सेशन केस सत्र न्यायालयात. अ‍ॅट्रॉसिटीच्या केस विशेष न्यायालयात चालतात आणि बहुधा स्पेशल केस म्हणून नोंदल्या जातात. केस उघडली की १६ अंकाक्षरांचा सीएनआर नंबर दिसतो. महाराष्ट्रातील नंबरची सुरुवात 'एमएच' या अक्षरांनी होते. तो वहीत लिहा आणि अ‍ॅपमध्ये सेव्ह करा. पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झाले, अपलोड झालेले आदेश आणि निकाल हे सगळे या एका नंबरवर मिळते. जामीन अर्जाचा नंबर वेगळा असतो. तोही शोधून ठेवा.

जामिनाच्या सुनावणीची माहिती मिळणे हा पीडिताचा हक्क आहे. कलम १५ अ २०१६ पासून लागू आहे, आणि ही नोटीस बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. नोटीस न मिळता जामीन झाला असेल, तर तारखांची नोंद दाखवून वकिलामार्फत हरकत घेता येते. याच कलमाने पीडिताला सामाजिक कार्यकर्ते आणि संस्थांची मदत घेण्याचा हक्क दिला आहे. न्यायालयात आपण उपरे नाही.

४) नक्कल विभाग

ई-कोर्टस् वरची प्रत माहितीपुरती. अपिलासाठी प्रमाणित नक्कल लागते. न्यायालयाच्या नक्कल विभागात केस नंबर, कागदाचे नाव आणि तारीख लिहून कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. पक्षकाराला नक्कल सहज मिळते. त्रयस्थाला कशासाठी हवी ते सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. न्यायालयाचे कागद माहिती अधिकारात मागू नका. ते न्यायालयाच्या नियमांनुसारच घ्यावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात अपिलाची मुदत ९० दिवस आहे, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका.

५) माहिती अधिकार कुठे चालतो

पोलीस आणि महसूल खात्याकडे. वर्षभरात तालुक्यात किती अ‍ॅट्रॉसिटी गुन्हे नोंदले, कितींत ६० दिवसांत दोषारोपपत्र गेले, कितींना साहाय्य मिळाले, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता समितीची दर तीन महिन्यांची बैठक झाली का, तिचे इतिवृत्त काय, हे विचारा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'तपास चालू आहे' एवढेच उत्तर पुरेसे नाही. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने सांगायला हवे. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील करा.

६) निवडणुकीतले उमेदवार

इथे मात्र नावाने शोधता येते. विधानसभा आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपल्यावरील फौजदारी खटले जाहीर करावे लागतात आणि ती प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर सर्वांना पाहता येतात. त्यातला केस नंबर ई-कोर्टस् वर टाकून पडताळा घ्या.

काय करू नये

लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव, फोटो, गाव, नातेवाईक, काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. तो गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जबाब आणि साक्षीदारांची नावे ग्रुपवर फिरवली तर आपणच साक्षीदाराला धोक्यात घालतो. निकाल लागेपर्यंत आरोपीला 'आरोपी'च म्हणा. नाहीतर उलट अब्रुनुकसानीची केस आपल्यावर येते.

एवढी खटपट कशासाठी? खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे टिकली नाहीत. २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी जन्मठेप दिली आणि ती कलमे तिथेही लागली नाहीत. लाखो लोक रस्त्यावर उतरले, तरी जातीचा मुद्दा न्यायालयात सिद्ध होतो तो पहिल्या काही दिवसांत लिहिल्या गेलेल्या कागदांवरच.

तेव्हा प्रत्येक विहारात एक वही ठेवा. तालुक्यातील प्रत्येक केससाठी एक पान : गुन्हा नंबर, साठावा दिवस, केस नंबर, सीएनआर, पुढची तारीख, वकिलाचे नाव. महिन्यातून एकदा दोघांनी बसून ती अद्ययावत करा. तातडीची मदत लागली तर अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. जय भीम.